वैनगंगेकाठचा वारसा आणि पर्यटन : बालाघाट जिल्ह्याच्या संदर्भात

पर्यटनाच्या वाढीत कला, संस्कृती आणि वारसा यांचा वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा ताजमहाल, अजिंठा-वेरूळ किंवा खजुराहो यांची उदाहरणे देऊन दिले जाते. ही उदाहरणे बरोबर आहेत, पण अध्यापकाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. जगप्रसिद्ध वास्तू ज्यांच्या अंगणात उभी आहे त्यांना पर्यटक आणण्याची चिंता नसते. असलीच तर गर्दी आवरण्याची असते. प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो बालाघाटसारख्या जिल्ह्यात. येथे पर्यटक दरवर्षी येतो, परंतु तो वाघ पाहावयास येतो आणि वाघ पाहून (पुष्कळदा न पाहताच) परत जातो. ज्या जिल्ह्यातून आपण जाऊन आलो त्याचे नावही अनेकांना ठाऊक नसते. वारसा जवळ असला तरी तो सांगणारा माणूस तयार असावा लागतो, आणि त्या सांगण्याचा मोबदला कारागिरापर्यंत पोहोचावा लागतो, हे या जिल्ह्याच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. असा माणूस घडविणे हे सामुदायिक महाविद्यालयांच्या कामाच्या कक्षेत येते, म्हणून हे टिपण मुख्यतः तेथील सहकारी अध्यापकांसाठी आहे.

जिल्ह्याची घडण

'बाला' हा फारसी शब्द आहे, त्याचा अर्थ 'वर'. वऱ्हाडात घाटावरच्या मुलखाला बालाघाट आणि घाटाखालच्या मुलखाला पायानघाट म्हणत असत, हे मराठी वाचकास ठाऊक असेल. आपला बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनविण्यात आला. नाव घाटावरच्या प्रदेशाचे, पण मुख्य ठाणे मात्र घाटाखाली वैनगंगेकाठी वसले. त्या गावाचे जुने नाव बूढा. नावातच असलेला हा वरचा-खालचा भेद जिल्ह्याच्या संस्कृतीतही दिसतो. खाली वैनगंगेचे सपाट खोरे, तलाव, धानाची शेती, कोष्टी विणकर, पवार शेतकरी, आणि मराठी, पवारी व हिंदी यांची सरमिसळ. वर बैहरचे पठार, सालवृक्षांचे अरण्य, गोंड आणि बैगा यांची गावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. नागपूर ही जुन्या मध्यप्रांताची राजधानी होती, तिचाही तो मान गेला. नकाशावर रेघ आली, तरी सोयरीक, बाजार आणि नाटकाचा फड यांनी ती फारशी मानली नाही. बालाघाटहून गोंदिया जेमतेम ४० किलोमीटर आहे. पर्यटनाचा विचार करताना मात्र आपण ही रेघ फारच काटेकोरपणे मानतो. दोन्ही राज्यांच्या माहितीपुस्तिका आपापल्या सीमेपाशी येऊन थांबतात, आणि नागपूरहून येणाऱ्या प्रवाशाला मधला प्रदेश कोरा आहे असे वाटते.

तो कोरा नाही. रतनपूरचा कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात त्याला कर देणाऱ्या मांडलिकांची यादी आहे; तीत लांजिका आणि भाणारा ही नावे येतात. लांजिका म्हणजे आजची लांजी, भाणारा म्हणजे भंडारा. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीच्या एका दगडावर हे दोन शेजारी एकाच ओळीत बसलेले आहेत. पुढे जिल्ह्याचा सखल भाग देवगडच्या गोंड राज्याकडे आणि वरचा भाग गढा-मंडल्याकडे होता. देवगडचा राजा बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला, परंतु गोंडांशी असलेले नाते तोडले नाही. नागपूर शहराची स्थापना त्याचीच. अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. गोंड, मुसलमान, मराठे असे हे थर एकमेकांवर चढलेले आहेत, आणि त्यातला एक खरवडून दुसरा दाखविणे इतिहासाला धरून होणार नाही. पर्यटकाला हा गुंता सोपा करून सांगावा, पण खोटा करून सांगू नये.

आपली नदी, दुसऱ्याची गोष्ट

रडयार्ड किपलिंग यांचे 'द जंगल बुक' १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मोगलीचे अरण्य सिवनीच्या डोंगरांतले आहे आणि त्या अरण्यातून वाहणारी नदी वैनगंगा आहे. किपलिंग स्वतः या भागात आल्याचा पुरावा नाही. सातपुड्यातील शिकारी जीवनावर रॉबर्ट स्टर्नडेल यांनी लिहिलेल्या १८७७ च्या पुस्तकाचा त्यांनी आधार घेतला असे मानले जाते. म्हणजे ज्या लेखकाने हा प्रदेश पाहिला नाही, त्याच्या कल्पनेतील गोष्टीवर आज पेंच आणि कान्हा येथील विश्रामगृहांच्या जाहिराती उभ्या आहेत. परदेशी प्रवासी 'मोगलीचा देश' पाहावयास येतो.

यात किपलिंगला दोष देण्याचे कारण नाही. कल्पित गोष्टसुद्धा सव्वाशे वर्षे पर्यटक आणू शकते, हा या उदाहरणातला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी आपली खरी गोष्ट मात्र अशा रीतीने सांगितली नाही. लांजीचा किल्ला आहे, पण त्याच्या दारात उभे राहून शिलालेखातील लांजिका आणि समोरची लांजी यांचा संबंध सांगणारा माणूस सहजी भेटत नाही. हट्टा येथे जमिनीत उतरत जाणारी अनेक मजली बावडी आहे. पाण्याच्या सोयीबरोबर उन्हाळ्यात थंडाव्याची जागा म्हणून अशी बांधकामे होत असत. एकदा वर्गात मी ही बावडी कोणी पाहिली आहे असे विचारले, तेव्हा जिल्ह्यात जन्मलेल्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांनी हात वर केले. ताजमहाल पाहिलेले त्याहून अधिक निघाले. आपल्या शाळांतील सहली कोठे जातात हे पाहिले तर त्याचे कारण कळेल.

मध्यप्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला बुऱ्हाणपूर आहे. तोही मराठी मुलखाला लागून असलेला जिल्हा. तेथील कुंडी भंडारा ही भूमिगत जलव्यवस्था अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळातील, १६१५ च्या सुमाराची. इराणातील कनातीच्या धर्तीवर ती केलेली असून सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी केवळ उतारावर शहरात आणले जाई. वरून पाहिले तर ओळीने बांधलेल्या विहिरींची फक्त तोंडे दिसतात. जो सांगणाऱ्याशिवाय जातो त्याला त्या साध्या विहिरी वाटतात. ज्याला आतल्या बोगद्याची रचना समजावून दिली जाते तो थक्क होतो. वास्तू तीच असते. ताजमहालाला तर कोणी काही सांगितले नाही तरी चालते. कुंडी भंडारा, हट्ट्याची बावडी आणि लांजीचा पडका कोट यांना सांगणारा लागतो, आणि आपल्या बहुतेक जिल्ह्यांचा वारसा या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

कान्हा आणि दुपारचे मोकळे तास

कान्हा राष्ट्रीय उद्यान १ जून १९५५ रोजी स्थापन झाले आणि १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचा समावेश झाला. ते मंडला आणि बालाघाट अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. खटियाचे प्रवेशद्वार मंडला जिल्ह्यात, तर मुक्कीचे बालाघाट जिल्ह्यात, बैहर तहसिलीत. बालाघाट शहरापासून मुक्की सुमारे ८० किलोमीटरवर आहे.

कान्ह्याचे कामकाज बारकाईने पाहिले तर आपल्या विषयाला उपयोगी अशा तीन गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट मार्गदर्शकाची. उद्यानात जाणाऱ्या प्रत्येक वाहनात नोंदणीकृत स्थानिक मार्गदर्शक असणे बंधनकारक आहे. हे तरुण आसपासच्या गावांतले असतात. पक्ष्यांची नावे, पावलांचे ठसे, सांबराची धोक्याची हाक ते सफाईने समजावून देतात. बारशिंग्याची कथा तर त्यांच्या तोंडून ऐकावी. कान्ह्याच्या कठीण जमिनीवर राहणारी ही जात १९७० च्या सुमारास अवघ्या ६६ पर्यंत खाली आली होती. कुंपणात सुरक्षित ठेवून आणि कुरणे वाढवून ती वाचविण्यात आली. ज्या दिवशी वाघ दिसत नाही त्या दिवशी ही कथा पर्यटकाला समाधान देते. शिक्षण फार नसलेला गावातला मुलगा प्रशिक्षणाने उत्तम निवेदक होऊ शकतो याचा इतका ढळढळीत पुरावा समोर असताना, तशीच व्यवस्था किल्ला, बावडी आणि हातमाग यांच्यासाठी का करू नये, हे मला समजत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. जंगलातील फेऱ्या पहाटे आणि दुपारनंतर होतात. मधले तीन-चार तास पर्यटक खोलीत झोपून किंवा उपाहारगृहात बसून काढतो. बुधवारी दुपारची फेरी बंद असते, तेव्हा सबंध अर्धा दिवस रिकामा. पावसाळ्यात, जुलैपासून सप्टेंबरअखेर, गाभा क्षेत्र बंदच असते. वारशाच्या पर्यटनाला जागा हवी असेल तर ती या मोकळ्या वेळात आहे; वाघाशी स्पर्धा करावी लागत नाही. अर्थात अंतराचे भान ठेवावे लागेल. दुपारच्या तीन तासांत मुक्कीहून वारासिवनीला जाऊन येणे शक्य नाही. त्या वेळात बैहरच्या परिसरातील गाव, तेथील बाजार, तेथील कारागीर एवढेच बसते. वारासिवनी आणि लांजी येण्या-जाण्याच्या दिवसासाठी ठेवाव्या लागतील. नागपूरहून तुमसरमार्गे येणाऱ्याला वारासिवनी वाटेत पडते, आमगावकडून येणाऱ्याला लांजी. दहा वर्षांच्या मुलालाही कळेल असे हे गणित आहे, पण ते पुस्तिकांत सहसा मांडलेले नसते.

तिसरी गोष्ट एकाच आधारावर विसंबून राहण्याची. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम बंदी घातली. ती त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला उठली. बंदीचा बराच काळ पावसाळ्यात गेला, म्हणून नुकसान मर्यादित राहिले. परंतु ते अडीच-तीन महिने जीपचालक, स्वयंपाकी, मार्गदर्शक या सर्वांचे भवितव्य एका निकालावर टांगलेले होते. २०२० च्या टाळेबंदीने तोच अनुभव अधिक कठोरपणे दिला. ज्या प्रदेशात पर्यटकाला थांबण्याची दुसरी कारणे असतात तेथे असा धक्का थोडा सौम्य होतो.

अशांततेचाही उल्लेख करावयास हवा. १६ डिसेंबर १९९९ रोजी राज्याचे तत्कालीन मंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी हत्या केली, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे बालाघाटचे नाव बाहेर त्याच संदर्भात घेतले गेले. डिसेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने मध्यप्रदेश नक्षलमुक्त झाल्याचे जाहीर केले. भीतीने बसलेले नाव एका घोषणेने पुसले जात नाही. त्या जागी दुसरे काही नाव रुजवावे लागते, आणि तसे नाव वारासिवनीपाशी आहे.

वारासिवनीचा माग

वारासिवनीच्या हातमाग साडीला व वस्त्रांना २०२३ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यापूर्वी २०२१ साली बालाघाटच्या चिन्नोर या सुवासिक तांदळाला तो मिळाला होता. एकाच जिल्ह्यातील ताटाला आणि वस्त्राला दोन वर्षांच्या अंतराने मान्यता मिळावी ही आनंदाची गोष्ट होय. तथापि या निर्देशांकाबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. तो जणू पुरस्कार आहे असे मानून सत्कार होतात आणि विषय संपतो.

वस्तुतः तो कायदेशीर अधिकार आहे. यासंबंधीचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ साली अमलात आला. २००४ साली दार्जिलिंगच्या चहाला देशातील पहिला निर्देशांक मिळाला. नोंदणी दहा वर्षांसाठी असते, नंतर नूतनीकरण करावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निर्देशांक ज्या संस्थेच्या नावावर असतो तिच्या नोंदणीने प्रत्येक विणकराला आपोआप लाभ होत नाही. विणकराला 'प्राधिकृत उपयोगकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ही नोंद नसेल तर यंत्रमागावरची नक्कल कोणी त्याच नावाने विकली तरी कोर्टात उभे राहण्यासाठी त्याच्या हातात काही नसते. अर्ज भरून देणे, ओळखपत्र जोडणे, नमुना जोडणे ही कामे आपले विद्यार्थी एका आठवड्यात शिकू शकतात.

नकलेचा धोका काल्पनिक नाही. औरंगाबादचे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हिमरू पाहा. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला नेली तेव्हा त्याच्याबरोबर कारागीर आले आणि ही कला येथे रुजली, असे सांगितले जाते. बीबी का मकबरा, वेरूळ, अजिंठा यांमुळे शहरात पर्यटकांची कमतरता कधी नव्हती. तरीही हातमागावर हिमरू विणणारी घराणी बोटांवर मोजण्याइतकी उरली, कारण पर्यटकाला हिमरूच्या नावाखाली यंत्रावरची शाल स्वस्तात मिळू लागली आणि दोहोंतला फरक त्याला कोणी शिकविला नव्हता. पर्यटक वाढले की कला आपोआप तगते, या समजुतीला हे उदाहरण छेद देते.

त्याच शहरात मशरू नावाचे वस्त्रही विणले जाई. मशरू म्हणजे शरीअतने अनुमत. पुरुषाच्या अंगाला निव्वळ रेशीम लागू नये असा संकेत असल्याने विणकरांनी वरून रेशीम आणि आतून सूत अशी वीण काढली. एवढी दोन वाक्ये कानावर पडल्यावर ग्राहक कापड उलटून पाहतो, बोट फिरवितो, आणि मग किमतीवर घासाघीस जरा कमी करतो. भाषेच्या अध्यापकाला याचे नवल वाटू नये. शब्दाचा अर्थ कळला की वस्तूची किंमत कळू लागते.

वारासिवनीच्या मागालाही असे शब्द आहेत. माग, धोटा, फणी, कांडी, ताणा, बाणा, काठ, पदर. शेजारच्या भंडाऱ्याकडे करवतकाठी साडी आहे. काठावरची नक्षी करवतीच्या दातांसारखी, आणि ती साधण्यासाठी काठाचे व अंगाचे धागे वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत अडकवावे लागतात. हिंदी बोलणारा विणकर मागाला करघा म्हणेल, धोट्याला ढरकी म्हणेल. हे शब्द कोशात पुरेसे नाहीत; ते साठीच्या पुढच्या माणसांच्या तोंडी आहेत. माग बंद पडण्याच्या आधी त्याचे शब्द बंद पडतात, कारण मुलगा गोंदियाला किंवा नागपूरला कामाला गेला की घरात ते उच्चारण्याचे कारण उरत नाही.

विणकर आणि पर्यटक यांना समोरासमोर आणले तर काय होते याचे चांगले उदाहरण आपल्याच राज्यात आहे. चंदेरीत अन्सारी आणि कोळी अशा दोन्ही समाजांचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्रकारची साडी विणीत आले. त्या साडीला २००५ साली निर्देशांक मिळाला. चंदेरीला किल्ला आहे, जुन्या मशिदी आणि महाल आहेत, पण शेजारच्या प्राणपूर गावात काही प्रेक्षणीय वास्तूच पाहावयास हवी असे नाही. तेथे घरोघरी माग आहे आणि तो चालताना पाहता येतो. २०२४ साली केंद्र शासनाच्या उत्कृष्ट पर्यटन ग्राम स्पर्धेत हस्तकला गटात प्राणपूरची निवड झाली. महेश्वरला १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर कुटुंबाच्या पुढाकाराने रेहवा संस्था निघाली; तिने स्त्रियांना मागावर बसविले आणि घाट पाहावयास आलेल्यांना माग दाखविला. या दोन्ही ठिकाणी पर्यटक दुकानात जाण्यापूर्वी विणकाम पाहतो, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. एक हात काठाचा धोटा फेकतो आणि दुसरा परत पाठवितो, दिवसभरात किती थोडे कापड पुढे सरकते, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस 'एवढी महाग का' असे विचारीत नाही.

माणूस दाखविण्याची वस्तू नाही

आदिवासी संस्कृतीच्या बाबतीत मात्र अधिक जपून पावले टाकावी लागतात. बैगा हा विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. व्हेरियर एल्विन यांचा 'द बैगा' हा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. धरणी ही आई असल्याने तिच्या छातीवर नांगर फिरवू नये, या श्रद्धेतून आलेली बैगांची बेवर शेती आणि तिच्यावर इंग्रज वनखात्याने आणलेली बंधने यांची नोंद त्यात आहे. राष्ट्रीय उद्यानासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आतील गावे उठविण्यात आली. म्हणजे ज्या अरण्यासाठी पर्यटक पैसे मोजतो त्या अरण्यातून बाहेर काढलेली माणसे कुंपणाबाहेर आहेत, आणि संध्याकाळी शेकोटीभोवती त्यांनी पाहुण्यांसमोर करमा नाचावा अशी अपेक्षा असते.

नाच दाखविण्यात गैर काही नाही. योग्य बिदागी मिळत असेल आणि नाचणाऱ्यांची इच्छा असेल तर ती एक रोजीच होय. २०२२ साली दिंडोरीचे अर्जुनसिंह धुर्वे यांना बैगा नृत्यासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेचा सन्मान झाला. परंतु पीक, सण, लग्न यांच्याशी बांधलेला नाच रोज रात्री साडेआठला होऊ लागला की नाचणाऱ्याच्या मनातही त्याचा अर्थ बदलतो. गोदण्याचे उदाहरण घ्या. बैगा स्त्रियांच्या अंगावरील गोंदण हे मेल्यानंतरही बरोबर येणारा एकमेव दागिना आहे, असे त्या सांगतात. न विचारता त्याची छायाचित्रे काढणे म्हणजे कोणाच्या घरात न विचारता शिरणे. २०१२ साली अंदमानात जारवा लोकांना पर्यटकांपुढे नाचविल्याच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि जगभर निषेध झाला. त्या टोकाला आपण नाही, पण वाट तीच आहे.

याउलट गोंड चित्रकलेने चांगला मार्ग दाखविला. पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांनी भिंतीवरची आकृती कागदावर आणली. त्यांचा मृत्यू २००१ साली जपानमध्ये झाला, पण त्यांच्या गावातील आणि नात्यातील चित्रकारांनी ती परंपरा पुढे नेली. भज्जू श्याम (२०१८) आणि दुर्गाबाई व्याम (२०२२) यांना पद्मश्री मिळाली, तर दिंडोरीच्या गोंड चित्रकलेला २०२३ साली निर्देशांक मिळाला. येथे चित्रकार आपले नाव लिहितो आणि विषयही स्वतः निवडतो. साडीच्या घडीत विणकराचे नाव घातले जात नाही, नाचणाऱ्याचे नाव शेकोटीभोवती कोणी विचारीत नाही. फरक पडतो तो येथेच, असे माझे मत आहे.

रंगभूमी आणि रेल्वे यांविषयी थोडे

सीमेपलीकडच्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी जिवंत आहे. धान कापून झाल्यावर, दिवाळीनंतर, गावोगाव रात्रभर नाटके चालतात. वडसा-देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचे केंद्र. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हा हंगाम आणि कान्ह्याचा हंगाम बराचसा एकाच वेळी येतो. मराठी प्रवाशाला एक रात्र जंगलाची आणि एक रात्र नाटकाची देता येईल, पण दोन राज्यांच्या दोन खात्यांना एका वाक्यात बसविणारा कोणी पाहिजे.

रेल्वेबाबत संधी निसटून गेली. गोंदिया ते जबलपूर ही सातपुड्याची छोटी रेल्वे १९०३ ते १९०५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली होती. शेवटचा टप्पा २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाला. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या डोंगरी रेल्वे जागतिक वारशात गेल्या. आदमजी पीरभॉय घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधलेली नेरळ-माथेरान गाडी (१९०७) आजही पर्यटकांना ओढते. सातपुड्याची गाडी आता नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात पाहावी लागते. रुंद रेल्वे आली हे जिल्ह्याच्या दृष्टीने योग्यच झाले, लोकांना रुग्णालयात आणि बाजारात वेळेवर पोहोचावयाचे असते. तरी दहा-वीस किलोमीटरचा एखादा जंगलातील तुकडा राखता आला असता.

अध्यापकांनी कोठून सुरुवात करावी

सामुदायिक महाविद्यालयाचे विद्यार्थी बहुधा त्याच जिल्ह्यातले असतात आणि शिकल्यावर तेथेच राहू इच्छितात. या कामासाठी तेच सर्वांत योग्य. पर्यटनाचा अभ्यासक्रम म्हणून आपण हॉटेल व्यवस्थापन आणि तिकीट आरक्षण शिकवितो. ते शिकवावेच. परंतु त्या जोडीला स्थानिक निवेदनाचा एक विषय ठेवावा. एका विद्यार्थ्याला एक वस्तू द्यावी. कोणाला बावडी, कोणाला माग, कोणाला चिन्नोरचा भात. त्याने त्या वस्तूविषयी एक पान मजकूर तयार करावा, आणि तो पाच मिनिटांत न पाहता सांगता यावा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत सांगता आला तर उत्तम. बैहरकडील विद्यार्थ्याला गोंडीत सांगता येणे ही उणीव न मानता गुण मानावा.

या पानात दंतकथा आणि इतिहास वेगळे लिहावयास लावावेत. 'असे सांगतात' आणि 'असे लेखात आहे' यांतला फरक विद्यार्थ्याला कळला तर निम्मे काम झाले. आपल्याकडे प्रत्येक बावडीतून एक भुयार किल्ल्यापर्यंत जाते आणि प्रत्येक किल्ल्यात खजिना पुरलेला असतो. ही कथाही सांगावी, ऐकणाऱ्याला ती आवडते, पण ती कथा म्हणून सांगावी. जेथे एकाच जागेवर गोंड, मुसलमान आणि मराठे यांच्या खुणा आहेत तेथे तर हे फारच आवश्यक आहे, कारण निवेदकाच्या एका बेजबाबदार वाक्याने पर्यटनाऐवजी भांडण होऊ शकते.

वारासिवनीच्या बाबतीत दोन कामे लगेच हाती घेता येतील. एक, मागाच्या शब्दांचा संग्रह. शब्द, त्याचा अर्थ, सांगणाऱ्याचे गाव आणि शक्य तेथे रेखाचित्र. दुसरे, प्राधिकृत उपयोगकर्ता म्हणून कोणाची नोंद झाली आहे आणि कोणाची राहिली आहे याची घरोघर जाऊन केलेली यादी. या यादीसोबतच साडीच्या घडीत घालावयाची एक चिठ्ठी विद्यार्थ्यांनी तयार करून द्यावी. तीत विणकराचे नाव, गाव आणि साडीला लागलेले दिवस असावेत. छपाईचा खर्च अगदी किरकोळ येतो. विणकराने नाव घालू द्यावे की नाही हे अर्थात त्याने ठरवावयाचे. काही जण व्यापाऱ्याच्या नाराजीच्या भीतीने नको म्हणतील, आणि ती भीती निराधार नाही. अशा ठिकाणी पाच-सहा विणकरांनी मिळून एकत्र चिठ्ठी काढावी.

कान्ह्याचे दरवाजे १ ऑक्टोबरला उघडतात. आपले शैक्षणिक सत्र जूनच्या अखेरीस किंवा जुलैमध्ये सुरू होते, म्हणजे पर्यटक नसलेले पावसाळ्याचे तीन महिने विद्यार्थ्यांना पाने लिहिण्यासाठी, पाठ करण्यासाठी आणि विणकरांच्या घरी बसण्यासाठी मिळतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे मागावरचे काम अनेकदा मंद असते आणि विणकरालाही बोलावयास वेळ असतो.